शितावरून भाताची परीक्षा इमारतीला चालते का? जुन्या आरसीसी इमारतीची मजबुती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्या तपासणं हे माझं रोजचं काम. अहवाल दिला की विशेष सभा लागते, आणि चहा येईपर्यंत तेच प्रश्न पुन्हा येतात. इमारत कुठलीही असो, गोंधळ एकाच जागी असतो: आत नेमकं कुठल्या ताकदीचं काँक्रीट आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तरी ‘राहायचं की नाही’ हे ठरवायचंय. त्या प्रश्नांची ही उत्तरं.

आमच्या मूळ नकाशावर एम-२० लिहिलंय. म्हणजे काँक्रीट एम-२० आहे ना?

नकाशावर लिहिलेलं असतं ते मागितलेलं काँक्रीट. मिळालेलं वेगळं असू शकतं.

मुळात एम-२० म्हणजे काय, इथपासूनच गैरसमज आहे. १५० मिमीचे ठोकळे २८ दिवस पाण्यात मुरवून दाबले, तर शंभरातले फार तर पाच ठोकळे दर चौरस मिलीमीटरला २० न्यूटनच्या खाली फुटावेत, ही अपेक्षा. म्हणजे २० ही सरासरी नव्हे, खालची हद्द आहे. ती पाळायची तर सरासरी बरीच वर ठेवावी लागते. भारतीय मानकांत एम-२० साठी ४ न्यूटनचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत याचं माप) धरतात, आणि २० अधिक १.६५ गुणिले ४ असा हिशोब करून मिश्रणाचं लक्ष्य २६.६ येतं. १९८५ साली घमेल्याने खडी-वाळू मोजणाऱ्या मुकादमापर्यंत हा २६.६ चा आकडा पोहोचला होता का, याचा अंदाज तुम्हीच करा.

शिवाय आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीला एम-१५ सुद्धा चालत होतं. २००० च्या आवृत्तीने किमान एम-२० केलं, आणि खाऱ्या वाऱ्याला थेट उघड्या बांधकामाला एम-३०. किनारपट्टीवरच्या जुन्या इमारती त्या काळच्या नियमात बसत असतील, पण आजचा नियम लावला तर पहिल्याच पानावर नापास होतात.

एकाच इमारतीत, एकाच ठेकेदाराच्या हातून, इतका फरक कसा पडतो?

स्लॅब भरायचा दिवस आठवून बघा. सकाळी सातला मिक्सर सुरू, सुपरवायझर हजर, पाणी मोजून. दुपारी तीनला ऊन, माल घट्ट वाटतो, कुणीतरी बादलीभर पाणी जास्त ओततं. संध्याकाळी पावसाची सर येते, वाळू भिजलेली, तरी घमेली तेवढीच. एका दिवसात तीन प्रकारचं काँक्रीट झालं.

उभ्या कॉलममध्येही खालून वर फरक पडतो. ओल्या काँक्रीटमधलं पाणी वर येतं आणि जड खडी खाली बसते, म्हणून कॉलमचा वरचा फूट-दीड फूट बहुधा सगळ्यात कच्चा. बीमच्या तळाशी जिथे सळ्यांची गर्दी आहे तिथे व्हायब्रेटर पोचला नसेल तर मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. वरून गिलावा झाला की सगळं एकसारखं दिसतं.

आपल्याकडे म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा. भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत दाबलं की कळतं. इमारतीत पन्नास पातेली आहेत, आणि प्रत्येकाची आच वेगळी.

हातोडा मारून आणि ध्वनीलहरी सोडून ताकद कळते का?

थोडी कळते. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरचा कडकपणा सांगतो. त्यावरून ताकदीचा अंदाज केला तर तो वर-खाली २५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, असं मानकातच लिहिलेलं आहे. जुन्या काँक्रीटमध्ये आणखी एक फसगत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून पृष्ठभाग कडक झालेला असतो, त्यामुळे हातोडा खूश होऊन मोठा आकडा देतो. त्याच प्रक्रियेमुळे, म्हणजे कार्बोनेशनमुळे, आतल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण जायला लागलेलं असतं, हे मात्र तो सांगत नाही.

अल्ट्रासोनिकचा, म्हणजे ध्वनीलहरींच्या चाचणीचा, उपयोग एकसंधपणा बघायला होतो. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेग आला तर दर्जा चांगला समजतात, ३.५ च्या खाली शंका घ्यायला जागा असते. पण वेगावरून थेट ताकद काढायचा मोह टाळावा.

या दोन चाचण्या मला आवडतात त्या वेगळ्याच कारणासाठी. स्वस्त आहेत, म्हणून शंभर ठिकाणी करता येतात. कुठलं पातेलं वेगळं शिजलंय ते त्या दाखवतात. खरी ताकद कळायला कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढून दाबायला लागतो.

कोअर किती काढायचे? आमच्या ऑडिटरने तीन काढले.

आयएस ४५६ म्हणतं की तीनपेक्षा कमी नकोतच. त्यांची सरासरी, ठोकळ्याच्या ताकदीत रूपांतर करून, अपेक्षित ग्रेडच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. पण ही अट नव्या बांधकामात ठोकळे नापास झाले तर माल स्वीकारायचा का, यासाठी आहे. चाळीस वर्षांच्या चार मजली इमारतीची तब्येत ठरवायला ती लिहिलेली नाही, आणि तरी सर्रास तीच वापरली जाते.

आता कमी कोअर काढले की नेमकं काय बिघडतं ते बघा. समजा कोअरची सरासरी १८ आणि प्रमाण विचलन ४ आलं. सरासरीतून १.६५ पट विचलन वजा केलं की खालची हद्द ११.४ येते. पण १.६५ हा गुणक खूप नमुने असतील तेव्हाचा. थोड्या नमुन्यांवरून काढलेलं विचलन स्वतःच भरवशाचं नसतं, म्हणून गुणक वाढवावा लागतो. युरोपीय संहितेत, विचलन आधीपासून माहीत नसेल तर, तीन नमुन्यांना हा गुणक ३.३७ आहे, दहाला १.९२, तीसला १.७३. म्हणजे तेच १८ आणि तेच ४ घेऊन तीन कोअरवर हिशोब केला तर हाती येतं ४.५, दहा कोअरवर १०.३, तीसवर ११.१.

साडेचार न्यूटनचं काँक्रीट असेल तर इमारत आज उभीच नसती. मग हा आकडा काय सांगतो? तीन कोअरवरून आपल्याला काहीच कळलेलं नाही, एवढंच. तीनचे दहा केले की पारडं एकदम फिरतं, दहाचे तीस केले तर फारसा फरक पडत नाही. म्हणून मध्यम आकाराच्या इमारतीत मी आठ-दहा कोअरचा आग्रह धरतो, आणि तेही एकाच कॉलममधून नव्हे. एका कॉलममधले तीन कोअर म्हणजे एकाच पातेल्यातली तीन शितं.

दोन ऑडिटरांनी दोन उलट निष्कर्ष दिले. कोण खोटं बोलतोय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. डोंबिवलीच्या एका सोसायटीत हे मी जवळून पाहिलंय. पहिल्याने स्टिल्टमधल्या, म्हणजे भिंतींशिवाय उघड्या ठेवलेल्या तळमजल्यातल्या, कॉलममधून, कमरेच्या उंचीवर, सोयीच्या जागी कोअर काढले. दुसऱ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमशेजारच्या कॉलममधून काढले, तिथे वीस वर्षं गळती होती. पहिल्याची सरासरी १९, दुसऱ्याची १२. सभेत खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. दोघांचे आकडे एका कागदावर मांडले तेव्हा दिसलं की दोघंही खरं बोलत होते. इमारतीत दोन इमारती होत्या, एक कोरडी आणि एक ओली.

पुनर्विकास हवा असलेल्यांना ओली इमारत दाखवायला आवडते आणि नको असलेल्यांना कोरडी, हे वेगळं सांगायला नको.

‘विश्वासार्हता’ म्हणजे नेमकं काय? फॅक्टर ऑफ सेफ्टी पुरेसा नाही का?

हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

एक कॉलम घ्या. त्याची सरासरी क्षमता १०० टन, त्याच्यावर येणारा सरासरी भार ५० टन. फॅक्टर दोन, सगळे खूश. पण क्षमताही पक्की नाही आणि भारही नाही. भाराचं विचलन १० टन धरू. क्षमतेचं विचलन १५ टन असेल, तर दोन्ही विचलनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, १८ येतं. सरासरींमधला फरक ५० ला १८ ने भागला की २.७७. या आकड्याला विश्वासार्हता निर्देशांक म्हणतात, ग्रंथांत बीटा. २.७७ चा अर्थ, भार क्षमतेच्या वर जाण्याची शक्यता हजारात तीन.

आता तोच कॉलम, तीच सरासरी १००, पण काँक्रीट इतकं असमान की विचलन २५ टन. बीटा उतरून १.८६, आणि शक्यता शंभरात तीन. फॅक्टर दोनच राहिला आणि धोका दसपट झाला.

तिसरा कॉलम घ्या. सरासरी क्षमता ९० टनच, पण एकसारखं काम, विचलन ९. बीटा २.९७. सरासरीने तिघांत कमजोर असलेला हा कॉलम भरवशाला तिघांत पहिला. अहवालात नुसती सरासरी वाचणाऱ्यांना मी हे उदाहरण हमखास देतो.

तुलनेसाठी, नेहमीच्या इमारतींना ५० वर्षांसाठी युरोपीय संहिता ३.८ चा बीटा मागते, म्हणजे लाखात सातच्या आसपास. ही शक्यता कागदावरची असते. आपल्या अज्ञानाचं ते मोजमाप आहे, म्हणून ‘हजारात तीन इमारती पडणार’ असा अर्थ काढून कुणी घाबरू नये.

मग डिझाइन करताना हे सगळं धरत नाहीत का?

धरतात, न सांगता. काँक्रीटच्या ताकदीला १.५ ने भागतात आणि पोलादाच्या १.१५ ने. कारखान्यात बनलेल्या सळईत फरक कमी, साइटवर कालवलेल्या काँक्रीटमध्ये जास्त, म्हणून गुणकही वेगळे. पण हे गुणक ठरावीक दर्जाचं काम गृहीत धरून ठरवलेत. कामच त्या दर्जाचं झालं नसेल तर १.५ ची उशी आधीच वापरून संपलेली असते. जुन्या इमारतीला डोळे मिटून तेच गुणक लावणं मला पटत नाही.

काँक्रीट कमजोर निघालं तर स्लॅब कोसळेल का?

लोकांना सगळ्यात जास्त भीती स्लॅबची वाटते, पण नुसत्या कमी ताकदीचा सगळ्यात कमी फरक तिथेच पडतो. वाकण्याचं काम मुख्यतः सळई करते. नेहमीच्या स्लॅबमध्ये, ०.४ टक्के टोर सळई धरून, काँक्रीट २० चं १४ झालं तर वाकण्याची क्षमता जेमतेम ४ टक्क्यांनी घटते. तोच बदल ०.८ टक्के सळईच्या कॉलममध्ये झाला तर क्षमता सुमारे २३ टक्क्यांनी उतरते, कारण कॉलममध्ये ओझं काँक्रीटच वाहतं.

म्हणून कोअर काढायचे ते आधी कॉलममधून. स्लॅबमध्ये सळई बघायची.

सळईचं कसं कळणार? ती तर आत आहे.

नवी असताना सळईवर भरवसा ठेवता येतो. पंचाईत गंजाची आहे. १२ मिमीच्या सळईला चारही बाजूंनी फक्त १ मिमी गंज लागला तर व्यास १० उरतो आणि क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी घटतं. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुगतं आणि पोपडे पडतात. छताला काठीने ठोकलं आणि ‘बद्द’ आवाज आला तर तिथे पापुद्रा सुटलाय.

पोपडा पडायच्या आधीची गोष्ट कळते ती फिनॉल्फ्थॅलीनने. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे बिनरंगी द्रावण फवारायचं. आतलं काँक्रीट झटकन गडद गुलाबी होतं, बाहेरचा कार्बोनेशन झालेला पट्टा राखाडीच राहतो. ती गुलाबी कडा सळईपर्यंत पोचली आहे की अजून बाहेर आहे, एवढंच बघायचं. सभासदांना ही चाचणी मी मुद्दाम समोर करून दाखवतो. दहा पानी अहवाल न वाचणारी माणसंही त्या गुलाबी रंगाकडे वाकून बघतात.

कार्बोनेशनची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ३० वर्षांत २० मिमी गेलं असेल तर २५ मिमीला ४७ व्या वर्षाच्या सुमाराला पोचेल, ३० मिमीला ६७ व्या. पण त्याच मजल्यावर कुठे कव्हर ३० मिमी असतं आणि कुठे कारागिराने सळई शटरिंगला टेकवलेली असते. म्हणून ‘इमारतीचं उरलेलं आयुष्य १२ वर्षं’ असं एका आकड्यात लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं.

अर्धसेल चाचणीत सळईचा विद्युत दाब मोजतात. कॉपर सल्फेटच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर मानतात. गंज किती झाला हे ती सांगत नाही.

आम्ही तर घरात काहीच बदललं नाही. भार कसा वाढेल?

जुन्या मोझेकवर नवी टाइल लावलीत? बाल्कनी आत घेऊन भिंत बांधलीत? आणि गच्चीवर बघा: गळती झाली की जुन्या विटांच्या कोब्यावर नवा कोबा. चार इंची थराचं वजन दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो होतं, आणि घरात माणसं-सामान धरून स्लॅब साधारण २०० किलोलाच डिझाइन केलेला असतो. एका वॉटरप्रूफिंगमध्ये तुम्ही कायमची भरलेली खोली वर ठेवलीत. भाराच्या बाजूची अनिश्चितता कमी करणं सगळ्यात स्वस्त पडतं: आधी जुना कोबा उचला.

जुनी कागदपत्रं आहेत, थोडे कोअरही आहेत. दोन्ही एकत्र वापरता येतात का?

येतात, आणि वापरावेत. त्या काळच्या कामांच्या अनुभवावरून, समजा, मला वाटतं की इमारतीची सरासरी ताकद २४ च्या आसपास असावी, चार इकडे-तिकडे. मग तीन कोअर काढले, सरासरी १७, विचलन ४. आता १७ वरच शिक्का मारायचा की २४ ला चिकटून राहायचं? बेझ या गणितज्ञाच्या पद्धतीने ज्याची खात्री जास्त त्याला वजन जास्त द्यायचं. हिशोब केला की सरासरी १८.७५ येते आणि तिच्याभोवतीची शंका चारवरून दोनवर उतरते. तीन कोअरनी माझं मत बरंच खाली खेचलं, पण पुरतं पुसलं नाही. पुढचे कोअर आले की याच आकड्यापासून पुढे जायचं.

संगणकावर मोंटे कार्लो केलं तर अचूक उत्तर येईल ना?

मोंटे कार्लो म्हणजे लाखो वेळा खोटे फासे टाकून किती वेळा कॉलम हरतो ते मोजणं. दहा हजारात एक अशी शक्यता बऱ्यापैकी पकडायला दहा लाख फेऱ्या लागतात. आजचा लॅपटॉप त्या सहज करतो. पण आत तीन कोअरचा अंदाज घातला तर बाहेरही तीन कोअरचाच अंदाज येतो, फक्त रंगीत आलेख घालून. सोसायटीच्या इमारतीला मी ते क्वचित करतो.

सी-१, सी-२ए ही काय भानगड आहे? आणि ऑडिट कधी बंधनकारक?

महापालिकेची वर्गवारी आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ किरकोळ. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली ३० वर्षं झाली की स्थैर्य प्रमाणपत्र लागतं.

चार खणांत इमारत बसवणं प्रशासनाला सोयीचं आहे, पण सी-२ए आणि सी-२बी मधली रेघ कित्येकदा दोन-तीन कोअरच्या आकड्यांवर हलते. दोन अहवालांत तफावत आली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे ज्याच्याकडे चाचण्यांच्या जागांचा नकाशा असतो त्याचं ऐकलं जातं.

ऑडिटमध्ये पास झालो. आता निर्धास्त?

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचंही ऑडिट झालेलं होतं आणि शेरा किरकोळ दुरुस्तीचा होता. ऑडिटचा निष्कर्ष जितका भाग पाहिला तितक्यापुरताच असतो. म्हणून अहवालात ‘काय तपासता आलं नाही’ असं एक पान असावं: बंद फ्लॅट, फॉल्स सीलिंगखालचे बीम, पाया. ते पान नसेल तर अहवाल परत पाठवा.

एक कॉलम कच्चा निघाला. पूर्ण इमारत धोक्यात का?

तो कॉलम कुठला यावर आहे. चौथ्या मजल्यावरचा असेल तर शेजारचे थोडं ओझं वाटून घेतात. स्टिल्टमधला असेल तर वरचं सगळं त्याच्या डोक्यावर, आणि तिथे भिंतीही नाहीत मदतीला. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साई दर्शन इमारत पडून १७ माणसं गेली, तेव्हाही बोट तळमजल्यावरच्या फेरफारांकडेच दाखवलं गेलं. तळमजल्यावरच्या दुकानदाराने ‘फक्त थोडा कॉलम तासलाय’ म्हटलं तर सेक्रेटरींनी त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवावं. इंजिनिअर येईपर्यंत जॅक लावून टेकू द्यावा.

ऑडिटरला नेमकं काय विचारू?

कोअर कुठून काढले ते मजल्याच्या नकाशावर दाखवा, असं म्हणा. सरासरीबरोबर विचलन मागा. ओल्या आणि कोरड्या भागांचे आकडे वेगळे ठेवले का, विचारा. आणि शेवटी हे: आणखी पाच कोअर काढले तर तुमचा निष्कर्ष बदलू शकतो का? ‘बदलू शकतो’ असं उत्तर आलं तर त्या पाच कोअरचा खर्च मंजूर करा. कॉलमच्या जॅकेटिंगपुढे, म्हणजे त्याला बाहेरून नवा थर चढवून मजबूत करण्यापुढे, तो काहीच नाही.

कोअर काढल्याने कॉलम कमजोर नाही होणार? भोकाचं काय?

आधी सळई शोधायच्या यंत्राने सळ्या आणि रिंगा आखून घ्यायच्या, मग त्यांच्या मधल्या जागेत ७५ किंवा १०० मिमीचा कोअर. सळई कापली गेली तर ती ठेकेदाराची चूक, आणि ती अहवालात लिहायला लावा. आधीच वाकलेल्या, फुटलेल्या किंवा फार अरुंद कॉलमला हात लावायचा नाही. भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायचं आणि आठवडाभर ओलं ठेवायचं. वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाची तरी स्कूटर टेकलेली असते आणि पाणी मारायचं राहून जातं.